डावी कूस

बंटीच्या आजींनी दोन कॅलेंडरं गुंडाळून पिशवीतून आणली होती, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं. टेबलावर उलगडली तेव्हा कडेला हळदीचे डाग दिसले, चौकटींत दुधाचा हिशेब, आणि मधूनमधून लाल पेनाने काढलेले गोल. मी मोजले. चौदा महिन्यांत अकरा.

"हे सगळे उलट्यांचे दिवस. आता अमावास्या कुठे जुळते का ते तुम्हीच बघा, मी बघून दमले," आजी म्हणाल्या.

अमावास्या जुळत नव्हती. पौर्णिमाही नाही. दोन गोलांत कधी एकोणीस दिवसांचं अंतर, कधी एक्केचाळीस, मध्ये दोनदा तर दोन-दोन महिने काहीच नाही. बंटी (नाव बदललंय) सात वर्षांचा, इंदूरच्या छत्रीबागेत राहणारा, क्रिकेटवेडा. दोन दौऱ्यांच्या मध्ये त्याला पाहिलं तर हा मुलगा आजारी आहे यावर कुणी विश्वास ठेवला नसता. आणि दौरा आला की सहा-आठ तास उलट्या. पोटात काही उरलं नाही तरी कोरडे उमाळे चालूच. दर वेळी कुठेतरी सलाइन लागायचं, दुसऱ्या दिवशी पोरगं पोहे-जलेबी मागायचं.

माझ्याकडे ते चार महिन्यांपूर्वी आले तेव्हा सोबत ही जाडजूड फाइल. पोटाची सोनोग्राफी दोनदा, मेंदूचा एमआरआय, एंडोस्कोपी, रक्ताच्या तपासण्या. शाळेतल्या बाईंचं मत होतं की टेस्ट जवळ आली की याचं पोट बिघडतं. वडिलांनाही ते थोडं पटलेलं. आजीनं दर वेळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर आमच्या औषधांच्या आणि त्या मोहऱ्यांच्या यशात तोवर फारसा फरक नव्हता.

मी फाइल चाळली आणि निदान केलं: सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम. ठरावीक प्रकारचे दौरे, मध्ये मूल अगदी ठणठणीत. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी 1882 साली अशा नऊ मुलांचं वर्णन करून ठेवलंय, तेव्हापासून चित्र बदललेलं नाही. मायग्रेनचा हा भाऊबंद. घरात कुणाला अर्धशिशी असेल तर शंका आणखी पक्की होते. बंटीच्या मावशीला आहे. झालं, मला आणखी काय पाहिजे होतं! ईसीजी काढून पाहिला आणि रात्री अमिट्रिप्टिलिन या दौरे टाळणाऱ्या औषधाचा लहान डोस सुरू केला. पुढचे दोन महिने एकही दौरा नाही. मी खूश. त्याआधीही असेच दोन महिने काही औषधाविना कोरडे गेले होते, ते त्या कॅलेंडरवर दिसत होतं. पण कॅलेंडर मी तेव्हा पाहिलं कुठे होतं?

दोन महिन्यांनंतर लागोपाठ दोन दौरे आले आणि आजी पिशवी घेऊन आल्या.

या निदानाचे जागतिक निकष आहेत, रोम निकष म्हणतात त्यांना, 2016 मध्ये सुधारलेले. त्यात एक अट अशी की योग्य तपासणीनंतर दुसरं कुठलंही कारण सापडता कामा नये. मी या अटीवर टिकमार्क केला होता, कारण फाइल जाड होती. फाइलच्या जाडीचा आणि तपासणीच्या योग्यतेचा काही संबंध नसतो, हे सव्वीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला कळायला हवं.

आजींना मी विचारलं, "दौरा सुरू कधी होतो? पहाटे?"

सायक्लिक व्हॉमिटिंगच्या बऱ्याच मुलांत दौरा पहाटे किंवा उठल्याउठल्या सुरू होतो.

"छे. दुपार टळली की. खेळून आला की, लग्नाबिग्नाला गेलो की." मग जरा थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, एक सांगू का? हसाल तुम्ही."

"सांगा हो आजी."

"हा दर वेळी डाव्या कुशीला गुडघे घेऊन पडतो. मूठ इथे खुपसून." त्यांनी स्वतःच्या बरगडीखाली मूठ दाबून दाखवली. "आणि उलट्या थांबायच्या आधी याला लघवीला इतकी होते, इतकी होते, की मी सुनेला म्हणते, आता झालं, आता बरं वाटेल. आणि वाटतंच."

मी हसलो नाही. फाइल परत ओढली आणि पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट काढला. खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: डाव्या किडनीचं पेल्विस, म्हणजे लघवी गोळा होण्याची पिशवी, किंचित भरलेलं, आठ मिलिमीटर. पुढे कंसात, मूत्राशय पूर्ण भरल्यामुळे असावं. सोनोग्राफीच्या आधी आपण मुलांना बाटलीभर पाणी पाजतोच, त्यामुळे असा किंचित फुगवटा रोज दिसतो आणि रोज सोडून दिला जातो. ही ओळ मी चार महिन्यांपूर्वी वाचली होती. वाचली होती हे मला आठवतही होतं, तेच जास्त लागलं.

आजच्या पोलंडमधल्या क्राकूवचे युझेफ डिटल म्हणून एक डॉक्टर होते, पुढे त्या शहराचे महापौरही झाले. त्यांनी 1864 मध्ये जागा सोडून खाली सरकणाऱ्या किडनीमुळे येणाऱ्या कळांचं वर्णन केलं. नाव तेच राहिलं, अर्थ थोडा बदलला. आज डिटल्स क्रायसिस म्हणतात ते किडनीच्या तोंडाशी अधूनमधून होणाऱ्या अडथळ्याला. किडनीची ही पिशवी जिथे मूत्रनळीला जोडलेली असते, तिथे काही मुलांत किडनीच्या खालच्या भागाला जाणारी एक रक्तवाहिनी नळीच्या पुढून आडवी जाते. एरवी काही बिघडत नाही. पण मुलाने एकदम भरपूर पाणी प्यायलं, लघवी वेगाने बनू लागली, की पिशवी फुगते, त्या वाहिनीवर ओणवी होते आणि नळी दुमडते. नर्मदेचे नळ आले की अंगणात आपण पाइप टाकतो, त्याला कुठेतरी पीळ पडतो आणि बादलीत थेंब पडेनासा होतो, तसं. ताणलेल्या पिशवीची कळ आणि जठराची मळमळ यांच्या मज्जातंतूंची वाट पुढे एकच, म्हणून पोर उलट्या करतं आणि आपण पोटच तपासत बसतो. मग कधीतरी पीळ सुटतो, साठलेली लघवी धो धो होते आणि दौरा संपतो. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली तर किडनी साधीसरळ, फार तर आठ मिलिमीटर.

कॅलेंडर पुन्हा पाहिलं. त्या गोलांभोवती काय होतं ते आता मी विचारत गेलो आणि आजी सांगत गेल्या. हा रविवार मॅचचा, बाटली संपवून वर दोन ग्लास उसाचा रस. ही मावशीची हळद. हा मे महिना, "उष्णता वाढली म्हणून मी याला धन्याचं पाणी नि सब्जा देत होते दिवसभर." सगळ्यांनीच त्याला भरपूर प्यायला सांगितलं होतं. मीसुद्धा. आणि दौऱ्यात सलाइन लावून आम्ही त्या अडलेल्या पिशवीत आणखी भरच घालत होतो.

पण हा सगळा अंदाज होता. दाखवायला काही नव्हतं. मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: उलटी चालू असताना या. सलाइन लावण्याआधी. कुठल्याही वेळी. खाली माझा मोबाइल.

उलटी चालू असतानाच पाहायच्या गोष्टी किती आहेत याची यादी त्या रात्री मनात केली आणि ओशाळलो. रक्तातला अमोनिया, साखर, लॅक्टेट, लघवीतले कीटोन्स: चयापचयाचे जन्मजात दोष यातच सापडतात, आणि मूल बरं झालं की आकडेही निमूट जागेवर येतात. आतड्याचा पीळ तसाच, पडतो आणि सुटतो; म्हणून हिरवी उलटी ऐकली की मी आधी सर्जनला फोन करतो. पोर्फिरिया या दुर्मिळ आजारातली गडद लघवीही दौऱ्यातच दिसण्याचा संभव जास्त. आणि आम्ही बहुतेक तपासण्या करतो कधी, तर मूल सावरल्यावर, सोयीचा वार बघून, उपाशीपोटी.

फोन आला रंगपंचमीला.

इंदूरची रंगपंचमी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. राजवाड्याकडचे सगळे रस्ते गेरने, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीने, भरलेले, टँकरमधून रंगाचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत, शहराला सुट्टी. दुपारी सव्वादोनला बंटीचे वडील ओरडून बोलत होते, मागे ढोल. "साहेब, सुरू झालं. सकाळपासून ठंडाई, रस, सगळं झालंय. माझा भाऊ म्हणतोय भांग तर नाही ना पडली?"

शंका अगदीच वेडी नव्हती. आमच्या राज्यात भांगेची परवान्याची दुकानं आहेत. आणि गांजा-भांग वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनाही असेच उलट्यांचे दौरे येतात. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ते नीट मांडलं. कडकडीत पाण्याने अंघोळ केली की त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटतं. असा एक तरुण माझ्या एका मित्राकडे आला होता. त्याच्या आईची मुख्य तक्रार उलट्यांची नव्हती, दिवसातून सात वेळा गीझर चालतो ही होती. पण त्याला नेहमीचं व्यसन लागतं. सात वर्षांच्या बंटीला अकरा दौरे भांगेने आलेले नव्हते.

"लघवी झाली का दौरा सुरू झाल्यावर?"

"नाही."

"मग निघा. वळसा घालून या, राजवाड्याकडून येऊच नका."

माझा एमजीएम मेडिकल कॉलेजातला वर्गमित्र सोनोग्राफी करतो. त्याला फोन केला तर तो गच्चीवर होता. "आज? अरे, माझ्या कानात रंग आहे." पण आला. त्याने शटर उघडलं तेव्हा अर्धा चेहरा हिरवा, दात तेवढे पांढरे. बंटीला वडिलांनी उचलून आणलं. स्टीलचं भांडं आईच्या हातात. पोरगं पांढरंफटक पडलेलं, कानामागे आणि मानेच्या वळीत गुलाबी रंग तसाच. टेबलावर ठेवताच तो डावीकडे वळला, गुडघे वर, मूठ बरगडीखाली. आजींनी दाखवली होती अगदी त्याच जागी.

पोटावर जेल टाकलं आणि अंगावरचा सुका रंग त्यात विरघळून सगळं जेल गुलाबी झालं. मित्राने प्रोब डाव्या कुशीवर नेला. पहिल्या क्षणीच पडद्यावर एक काळा फुगा आला. आम्ही दोघं काही बोललो नाही. त्याने कर्सर लावला: एकेचाळीस मिलिमीटर. खाली मूत्रनळी शोधली, ती फुगलेली नव्हतीच. म्हणजे अडथळा अगदी तोंडाशी. रक्तप्रवाह दाखवणारा डॉप्लर लावल्यावर त्या तोंडाजवळून एक बारीक लाल रेघ आडवी जाताना दिसली. उजवी किडनी शांत.

"हे घे तुझं सायक्लिक व्हॉमिटिंग," मित्र म्हणाला. तो असाच बोलतो.

वेदनाशामक इंजेक्शन दिलं, उलटी थांबवणारं ओंडान्सेट्रॉन दिलं, सलाइन अगदी संथ ठेवलं. साडेपाचच्या सुमाराला बंटी म्हणाला, शू. आईने धरून नेलं. बराच वेळ दाराआडून आवाज येत राहिला आणि बाहेर बाकावर बसलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "आता झालं." पुन्हा प्रोब ठेवला तेव्हा फुगा होता बारा मिलिमीटर. तीन तासांतले ते दोन फोटो मी अजून जपून ठेवलेत.

पुढचं थोडक्यात. किडनीचं काम मोजणाऱ्या डीटीपीए स्कॅनमध्ये डाव्या किडनीचं काम थोडं कमी आलं, वाया गेलेली नव्हती. सर्जनने पायलोप्लास्टी, म्हणजे किडनीच्या तोंडाशी असलेल्या जोडाची दुरुस्ती, केली, 1949 पासून चालत आलेली अँडरसन-हाइन्स पद्धत. ती रक्तवाहिनी कापायची नसते, किडनीचा खालचा भाग तिच्यावर जगतो; नळी सोडवून वाहिनीच्या पुढे आणून पुन्हा जोडायची. आत घातलेला स्टेंट, म्हणजे तात्पुरती बारीक नळी, सहा आठवड्यांनी काढला. अमिट्रिप्टिलिन मी हळूहळू बंद केलं. बंटीच्या वडिलांना सांगितलं की हे मला चार महिने आधी दिसायला हवं होतं, ती ओळ रिपोर्टमध्ये होती. ते म्हणाले, "साहेब, रिपोर्ट तर आम्हीही वाचला होता." हा मोठेपणा त्यांचा, त्यांनी वाचणं आणि मी वाचणं एक नव्हे.

त्यानंतर सहा महिन्यांनी एक नऊ वर्षांची मुलगी आली, तशीच फाइल, तसेच दौरे. मी तीच चिठ्ठी दिली. एका पहाटे पाच वाजता ते आले. सोनोग्राफी केली, दोन्ही किडन्या ठणठणीत. अमोनिया, साखर, लॅक्टेट, सगळं जिथल्या तिथे. तिला खरोखरच सायक्लिक व्हॉमिटिंग होतं. अंधारी खोली, शांतता, ग्लुकोजचं सलाइन, आणि शाळेच्या सहलीच्या आदल्या रात्री नीट झोप. तेच अमिट्रिप्टिलिन तिला छान लागू पडलं. तेव्हा मित्राला मुद्दाम फोन करून कळवलं.

यंदाच्या रंगपंचमीला दुपारी आजींचा फोन आला. पोटात धस्स झालं.

"डॉक्टर, बंटीला उसाचा रस दिला तर चालेल का हो?"

"चालेल की. किती?"

मागे ढोल वाजत होते. आजींनी कुणाला तरी काहीतरी विचारलं, मग म्हणाल्या, "तीन ग्लास झालेत. चौथ्याचं विचारतोय."