तुटकी शेपटी, काच आणि एकतीस छिद्रं

मंडळी, आमच्या तीन नंबरच्या पालीची जात अखेर ओळखली!

मागच्या वेळी सांगितलं होतं तीच, ट्यूबलाइटच्या पट्टीमागची, जिची जात कळत नव्हती ती. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत फ्लॅविविरिडिस या मोठ्या पिवळ्या जातीच्या पालींचं राज्य. ही मात्र बारीक, फिकट, सतत चुकचुकणारी. संशय फ्रेनाटस या दुसऱ्या जातीवर. पण शेपटीवरची काट्यांची कडी बघायला जावं, तर शेपटीच तुटून नव्याने आलेली. नवीवर काटे नाहीत, नुसती गुळगुळीत! पाठीवरचे दाणे मोजावेत, तर रात्री ती पांढरीफटक होते आणि फ्लॅशने उरलेसुरले दाणेही पुसले जातात. तीन आठवडे, दोनशेवर फोटो, तरी फ्रेनाटस की मरेई (ही तिसरी जात, आधी जिला ब्रुकी म्हणायचो ती), काही ठरेना. पकडायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. हीही शेपटी टाकून जायची.

मंगळवारी रात्री चहा टाकला आणि बघतो तर बाईसाहेब स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून चिकटलेल्या. पोट माझ्याकडे!

फोनला क्लिपची लेन्स लावली. (नवी महागाची लेन्स कडेला सगळं फुगवते, जुनी दीडशेचीच बरी.) काचेत माझंच थोबाड दिसायला लागलं, तेव्हा दिवा घालवून आईची काळी शाल डोक्यावर घेतली, टॉर्च तिरका धरला. चहा उतू गेला. जाऊ दे. मांड्यांच्या कातडीवरच्या बारीक छिद्रांची रांग मधे कुठेही न तुटता सलग! मोजली 31, मग 30, मग परत 31. फ्लॅविविरिडिसला एका बाजूला जेमतेम पाच-सात, मरेईची रांग मधे तुटते. अंगठाही अगदी खुजा. फ्रेनाटसच, आणि छिद्रं आहेत म्हणजे नर. इतके दिवस उगाच 'बाईसाहेब'.

आला कुठून? मला तिसऱ्या मजल्यावर नर्सरीतून आलेल्या कुंड्यांचा संशय येतोय. कडक कवचाची दोन अंडी फटीत बसली की मालाबरोबर कुठेही जातात. जहाजांतून ही जात हवाई, ऑस्ट्रेलिया, मेक्सिकोपर्यंत पोचलीच आहे. आमचा जिना काय लांब?

आता प्रत्येक मजल्याच्या खिडक्या काचेतून तपासायच्या असं ठरवलं होतं. पण माद्यांना छिद्रं नसतात, मग त्या निसटणार. त्यापेक्षा रोज रात्री जिन्यात फोन ठेवून आवाजच रेकॉर्ड केले तर? फ्लॅविविरिडिस इतक्या मोठ्याने चुकचुकताना मी तरी ऐकलेली नाही.

थांबा, हे लिहितानाच बाहेर चुकचुकलं. आणि लगेच खालच्या मजल्यावरून उत्तर. फोन घेऊन जातो.