एमजीबीचा गिअर नॉब: अंजनाची मेढ आणि मॅसीचा नट

मागच्या नोंदीत माझ्या एमजीबीचे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणारे) एकदाचे एका सुरात आणल्याचं लिहिलं होतं, आणि शेवटी 'आता किरकोळ कामं तेवढी उरली' असं एक वाक्य ठोकून दिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. किरकोळातलं पहिलं काम गिअर नॉबचं, म्हणजे गिअरच्या दांड्यावरच्या मुठीचं निघालं आणि त्यात नोव्हेंबर ते जून गेला.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघडी दोन सीटची ब्रिटिश गाडी, १७९८ सीसी, चार गिअर, मुक्काम जळगाव. या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवून देणारी रचना) नाही, म्हणजे चालत्या गाडीत पहिल्यावर यायचं तर डबल क्लच मारावा लागतो (एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा). त्यामुळे डावा हात सारखा नॉबवर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण 'नॉबच तर आहे, काहीही बसव' हे मला आतापर्यंत निदान वीस जणांनी ऐकवलंय.

नोव्हेंबर

थंडी पडली की आपल्याकडे भरीत पार्टी ठरलेलीच. आम्ही दोघं बामणोदला वांगी आणायला गेलो होतो. येताना वाटेत दुसऱ्यावरून तिसरा टाकला आणि नॉब हातात आला. आधीच्या मालकाने तो कधीतरी चिकटवलेला होता, आतलं प्लास्टिक भुगा झालेलं. उघड्या दांड्याचे आटे तळहाताला इतके टोचतात की दोन गिअरमध्येच जीव मेटाकुटीला येतो. शेवटी शेजारी बसलेल्या मित्राने मांडीवरच्या पिशवीतलं एक वांगं काढलं आणि दांड्यावर खुपसलं. भुसावळपर्यंत आम्ही वांग्याने गिअर टाकत आलो. भुसावळला वांग्याने दम तोडला. पुढे रुमाल.

दुसऱ्या दिवशी बाजारात. सगळीकडे एकच माल: 'युनिव्हर्सल' नॉब. आत ८, १० आणि १२ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या बाह्या, बाजूने तीन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू). ॲल्युमिनियमचा चकचकीत गोळा, वर सहा गिअर कोरलेले. चार गिअरच्या गाडीला सहा गिअरचा नॉब म्हणजे एकमजली घराला लिफ्ट. तरी घेतला. ग्रब स्क्रू गोल दांड्यावर धरत नाहीत, आट्यांची टोकं तेवढी चेपतात. तिसऱ्या दिवशी डबल क्लच मारताना नॉब वर आला, दांडा खालीच.

मग माझी खरी चूक झाली. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावला, दांड्याचा बाहेरचा व्यास ७.८५ मिमी भरला. मी म्हटलं, ८ मिमीचा दांडा आहे, थोडा झिजलाय. आत ८ मिमीचे आटे पाडलेला नॉब मिळवला. दीड फेरा सहज गेला, मग अडकला. ज्या गॅरेजात गाडी उभी होती तिथल्या पोराने 'जाईल ना' म्हणत पाना लावला. गेला अजून अर्धा फेरा, आणि दांड्याच्या वरच्या दोन आट्यांचं वाटोळं झालं.

इथे जरा थांबतो, कारण या एका गोष्टीवर बाकी सगळं उभं आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. आठच्या इतकं जवळ, की बाहेरचा व्यास मोजून तुम्हाला फरक कळूच शकत नाही. खरा आठचा बोल्टसुद्धा व्हर्निअरवर आठला किंचित कमीच भरतो. फरक असतो आट्यांच्या अंतरात. ८ मिमीच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टला दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर असतं. ५/१६ यूएनएफला (इंची मापाचे बारीक आटे) इंचाला २४ आटे, म्हणजे १.०५८ मिमी. पिच गेज (आट्यांचं अंतर तपासायचं साधन) नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजा: मेट्रिक असेल तर साडेबारा मिमी, यूएनएफ असेल तर साडेदहाच्या थोडं वर. माझी आली साडेदहा. हे मी पाना लावण्याआधी करायला हवं होतं, हे वेगळं सांगत नाही.

डिसेंबर

आट्यांचं कोडं सुटलं म्हटल्यावर इंग्लंडहून मागवायचं ठरवलं. ही गाडी ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० पर्यंत बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे तिकडे सुटे भाग अजून मिळतात. फोटो बघितला, 'एमजीबी' वाचलं, पैसे भरले. टपाल आणि कस्टम धरून नॉबची किंमत दुप्पट झाली. पार्सल उघडलं, नॉब दांड्यावर ठेवला, टोपीसारखा बसला आणि टोपीसारखाच निघाला. तो होता ३/८ यूएनएफचा. गंमत अशी की ३/८ लाही इंचाला २४ च आटे. नुसते आटे मोजून मागवला असता तरी फसलोच असतो. व्यास आणि आटे दोन्ही लागतात. पन्नास-साठ वर्षांत कोणी दांडाच बदललेला असू शकतो, तेव्हा गाडीच्या सालावर विसंबून मागवू नका. विकणाऱ्याला दोष देत नाही, त्याने माप लिहिलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

या गाडीच्या बाकी बऱ्याच बाबतींत अँबेसिडर माझ्या मदतीला आलीय. अँबेसिडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन आणि हिचं १७९८ सीसी इंजिन एकाच बीएमसी बी-सिरीज घराण्यातली. त्यामुळे जुन्या टॅक्सीवाल्यांच्या मेकॅनिकना हिचं बॉनेट उघडलं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. पण त्या जुन्या अँबेसिडरचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. नॉबच्या बाबतीत घराणं काही कामाचं नाही.

जानेवारी

आता दोन कामं होती: बिघडलेले आटे दुरुस्त करणं आणि ५/१६ यूएनएफचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) शोधणं. हार्डवेअरच्या दुकानांत यूएनएफ म्हटलं की 'मेट्रिक घ्या ना, सगळीकडे तेच चालतं' हे उत्तर. बरोबर आहे, चालतं. माझ्या गाडीला चालत नाही.

उत्तर सावद्याला सापडलं, तेही केळीच्या कामासाठी गेलो असताना. चुलतभावाचा जुना मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर गॅरेजला लागला होता, मी नुसताच बाकड्यावर बसून चहा पीत होतो. मिस्तरींच्या हाताशी नट-बोल्टांचे डबे, आणि एका डब्यावर खडूने लिहिलेलं '५/१६ बारीक'. मी उठून उभाच राहिलो. मॅसीची मूळ रचना ब्रिटनची, त्यामुळे तिच्यावर जागोजागी यूएनएफ आणि यूएनसी (तसेच इंची, पण जाड आट्यांचे) बोल्ट. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने हे आटे सारखे करून घेतले, नंतर तिकडच्या कारला तेच आणि ट्रॅक्टरलाही तेच. ॲबिंग्डनची रोडस्टर आणि सावद्याचा ट्रॅक्टर या नात्याने मावसभाऊ निघाले. मी जिथे महिनाभर नट शोधत होतो तो सगळा कारबाजार होता; शोधायला हवा होता ट्रॅक्टरबाजार.

मिस्तरींनी मला तो नट असाच दिला. वर 'कोणता ट्रॅक्टर आहे भाऊ तुमचा?' असंही विचारलं. मी 'दोन सीटचा' म्हटलं.

त्यांच्याकडेच ५/१६ चा डाय (दांड्यावर बाहेरून आटे पाडायचं हत्यार) होता. पुढच्या रविवारी गाडी तिथे नेली, वरचे दोन आटे डाय फिरवून साफ केले, आणि मग तो नट बोटांनी फिरवला. खालपर्यंत गेला. लोण्यातून सुरी जाते ना, तसा. मी तो तीन वेळा काढून पुन्हा लावला, काही गरज नसताना.

फेब्रुवारी-मार्च

आता नॉब स्वतःच करायचा. धातूचा नको हे पक्कं होतं. रोडस्टर म्हणजे छप्पर उघडं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तो सहा गिअरवाला ॲल्युमिनियमचा गोळा मार्चच्या दुपारीच हातात धरवत नव्हता. उन्हात ठेवलेलं लाकूडही तापतंच, पण ते आपली उष्णता हाताला फार सावकाश देतं. ॲल्युमिनियम तीच कितीतरी पट वेगाने देतं. चटका बसतो तो या वेगामुळे.

लाकूड कोणतं? साग सोपा, पण हलका. शिसम सुंदर, पण सगळेच लावतात. चोपड्याला मामांचा जुना गोठा पाडला तेव्हा एक मेढ (लाकडी खांब) बाजूला ठेवलेली होती, अंजन झाडाची. सातपुड्याच्या पायथ्याची जुनी बांधकामं ज्यांनी पाहिली असतील त्यांना अंजन माहीत असेल. काळपट तांबडं, आणि भारी तर इतकं की तुकडा बादलीत टाकला तो तळाशी जाऊन बसला.

अमळनेरला एक लेथवाले जिभाऊ आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी तुकडा हातात घेतला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "आप्पा, हाई लाकूड नही, लोखंड शे." तरी लावला लेथला. दोनदा हत्याराला धार लावावी लागली. ४६ मिमीचा गोळा, खाली थोडी मान.

पहिला नॉब फुटला. चूक माझीच, तुकडा मीच मेढीच्या बरोबर मधोमध कापून नेला होता. झाडाचा गाभा ऐन मध्यावर, आणि गाभ्यापासून बाहेर जाणारी केसासारखी बारीक चीर. दिसत नव्हती. त्यात नट ठोकून बसवताना 'टक्' असा आवाज आला आणि चीर मानेपर्यंत पोचली. जिभाऊ काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला.

दुसरा तुकडा गाभा सोडून, कडेने घेतला. या वेळी नट ठोकायचा नाही असं ठरलं. १६ मिमी जाडीचा, २५ मिमी लांब पितळेचा बुश (आत बसवायची नळी) केला, ६.९ मिमीचं भोक पाडून त्यात टॅप फिरवला. टॅप अर्थातच सावद्याहून. पितळेत टॅप मारताना घाई नसली की मजा येते: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, चुरा झटकायचा. बुशाच्या बाहेरून चार खाचा घेतल्या, लाकडात भोक किंचित सैल ठेवलं आणि पाच मिनिटांत सुकणाऱ्या एपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा चिकटा) बसवला. हे पाच मिनिटांचं प्रकरण लक्षात ठेवा.

पॉलिशला जिभाऊ चपडा (लाखेचं पॉलिश) लावणार होते, मी नको म्हटलं. घामाच्या हाताखाली चपडा पांढरट पडतो आणि तापला की चिकट होतो. रंगाच्या दुकानातून बेल तेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणलं, फडक्याने अगदी पातळ हात, दोन दिवस वाळू द्यायचं, पुन्हा एक हात. असे पाच. (तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेटू शकतो.)

वरची चकती जळगावच्या सराफ बाजारात करून घेतली. पितळेची, २२ मिमी, त्यावर गिअरचा नकाशा कोरायचा. कारागिराला मी फोटो दाखवला, आणि तो फोटो मी समोरून, म्हणजे डॅशबोर्डच्या बाजूने काढलेला. त्याने आकडे सुलट ठेवले आणि जागा मात्र फोटोतल्या, त्यामुळे पहिल्या गिअरच्या जागी चौथा. दुसरी चकती केली, पहिली किल्लीच्या कडीला लावलीय. तिथल्याच काट्यावर नॉब तोलला: चकतीसकट ८७ ग्रॅम. सोन्याच्या काट्यावर लाकूड तोलणारा मी पहिलाच असेन, त्या दिवशी तरी.

बसवताना शेवटची गोष्ट. आटे संपतात तिथे नॉब कोणत्याही दिशेला थांबतो. माझा नकाशा ड्रायव्हरकडे पाठ करून थांबला. म्हणून खाली चेक नट हवा: आधी नट, मग नॉब, नकाशा सरळ करायचा आणि नट वर कसायचा. तो चेक नट म्हणजे मॅसीचाच तो पहिला नट.

मे

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी दोन तास उन्हात होती. परत येऊन गिअर टाकला तर नॉब गोल गोल फिरतोय. आटे शाबूत, चेक नट जागेवर, बुश लाकडात सुटलेला. पाच मिनिटांची एपॉक्सी पन्नास-साठ अंशांपुढे मऊ पडायला लागते, आणि उघड्या गाडीत गिअरबॉक्सवरच्या काळ्या बोगद्यावर (दोन सीटमधल्या उंचवट्यावर) दुपारी तेवढं तापमान कधीच होतं. सगळं खरवडून काढलं. या वेळी रात्रभर घेणारी एपॉक्सी, शिवाय मानेतून आडवी ३ मिमीची पितळी पिन, बुशाच्या भिंतीत रुतलेली. आता चिकटा पूर्ण वितळला तरी बुश फिरणार नाही. पिनेचं टोक बाहेरून छोट्या पिवळ्या टिकलीसारखं दिसतं. काहींना ते मुद्दाम केलेलं वाटतं. मी वाटू देतो.

जून

पहिल्या पावसाआधी चाळीसगावहून औट्रम घाट चढलो. सारखे दुसरा, तिसरा, दुसरा, आणि एका ट्रकमागे थेट पहिला, डबल क्लचसकट. जुन्या हलक्या नॉबला दांडा ढकलावा लागायचा. या वजनाने तो सुरुवात केली की स्वतः पुढे जातो. बाराशे-तेराशे आरपीएमला थोडी गुणगुण ऐकू येते, पूर्वी नव्हती. वजनाचीच असणार. दांड्याच्या मुळाशी असलेला बुश बघायला हवा, ते पावसाळ्यात.

मेढीचा दीड हात तुकडा अजून शिल्लक आहे, गाभा सोडून त्यात चार-पाच नॉब निघतील. कोणाला हवा असेल तर दांड्याचा व्यास आणि दहा आट्यांची लांबी, दोन्ही कळवा. जिभाऊंना मी अजून विचारलेलं नाही.