तुम्ही विचारलंत म्हणून: बँकॉकला हमाली करायला गेला होतात का?

मी आणि नवरा पाठीवर सॅक टाकून बँकॉकला फिरायला गेलो, आणि पहिल्याच दिवशी नवरा उन्हाने रस्त्यावर आडवा झाला. तेव्हापासून सांगलीच्या विश्रामबागेतल्या भाजीवालीपासून मिरजेच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी हेच विचारलंय. "एवढ्या उन्हात पाठीवर पोती घेऊन फिरायची काय गरज होती? टॅक्सी परवडत नव्हती का?" पहिल्या वीस जणांना हसून उत्तर दिलं. आता एकदाच लिहून टाकते.

टॅक्सी परवडत होती. विमानतळावरून मीटर, वर ५० बाथ आणि टोल, एवढंच. पण आम्ही रेल्वेने गेलो. सुवर्णभूमी विमानतळाहून फया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाथ, अर्धा तास, गाडी गारेगार. तिथून स्कायट्रेनने, म्हणजे खांबांवरून धावणाऱ्या शहरातल्या गाडीने, सियाम, सियामला गाडी बदलून सफान टाक्सिन, आणि पुलाखालच्या धक्क्यावरून चाओ फ्राया नदीतली नारिंगी झेंड्याची बोट फ्रा आर्थितला. आमचं हॉटेल खाओसानच्या बाजूला, तिथे रेल्वे जातच नाही, म्हणून बोट. हा मार्ग चुकीचा नव्हता, आजही मी तोच सुचवीन.

आणि सॅकही चुकीची नव्हती, हे आत्यासाठी. चाकांची बॅग तिथल्या फुटपाथवर चालत नाही. अर्धा फुटपाथ गाड्यावाल्यांचा, उरलेल्यात खांब, आणि रस्ता ओलांडायचा तर बऱ्याच ठिकाणी जिना चढून पुलावरून. बोट धक्क्याला लागते न लागते तोच सुटायच्या बेतात असते. हलत्या फळीवर पाय टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत. तिथे ट्रॉली घेऊन उभं राहून दाखवा, मग बोलू.

चूक वजनात होती. नवऱ्याची सॅक साठ लिटरची आणि भरून तेरा किलो, माझी नऊ. सॅक मोठी घेतली की ती भरतेच. तेरा किलोत काय होतं? दोन जीन्स, दोन किलो भडंग, जाड टॉवेल, आणि "असू दे" म्हणून घेतलेले बूट. त्याने सॅकचा कमरपट्टाही लावला नव्हता, कारण पासपोर्ट आणि पैशांचा पाउच त्याच जागी शर्टाच्या आत बांधलेला. सॅकचं बरंचसं वजन कमरेच्या हाडावर बसायला हवं. पट्टा दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. पट्टा उघडा राहिला की सगळं ओझं खांद्यांवर येतं, माणूस पुढे वाकतो आणि थकवा दुपटीने येतो. पाउच गळ्यात अडकवला असता तर? असो.

"आम्हाला ऊन नवीन आहे का?" हे वाक्य माझं. निघायच्या आधी मीच म्हणाले होते. एप्रिलात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, त्यात आम्ही लग्नं करतो, मांडवात जेवतो. बँकॉकचा पारा पस्तीस-छत्तीस दाखवत होता, म्हणजे आपल्यापेक्षा कमीच, असा माझा हिशोब. तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं, बाई, धुतलेली साडी वाळायला किती वेळ लागतो ते बघ ना. सांगलीच्या उन्हात अर्ध्या तासात कडकडीत. बँकॉकला रात्री पंख्याखाली टाकलेला शर्ट सकाळी ओलाच. शर्ट वाळत नाही तिथे घामही वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. नुसता टपटपणारा घाम शरीरातलं मीठ-पाणी नेतो, बदल्यात काही देत नाही. त्यात पाठ सॅकने झाकलेली, म्हणजे वारा लागायची सगळ्यात मोठी जागाच बंद.

आता तो दिवस. सांगली ते मुंबई एक रात्र बसमध्ये, पुढची विमानात, म्हणजे दोन रात्री धड झोप नाही. सकाळी सहाला उतरलो आणि दहाच्या सुमारास हॉटेलवर पोचलो. खोली दुपारी दोनला मिळणार होती. सॅक इथे ठेवून जा, असं काउंटरवरच्या मुलीने दोनदा सांगितलं. आम्ही नाही म्हणालो. का? तर "सगळं त्यातच आहे". पासपोर्ट आणि पैसे अंगावर होते, कॅमेरा गळ्यात. सॅकमध्ये राहिलं होतं ते भडंग. तेवढ्यासाठी बावीस किलो घेऊन आम्ही राजवाडा बघायला चालत निघालो.

वाटेत सनाम लुआंग लागतं, मोठं मोकळं मैदान. कडेने चिंचेची झाडं आहेत, सावली तेवढीच. आम्ही वेळ वाचवायला मधून गेलो. राजवाड्यात गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, म्हणून नवऱ्याने जीन्स घातलेली. सुती पायजमा चालला असता, हे माहीत होतं. पण पायजम्यात फोटो कसे येतील?

मैदान संपल्यावर एक सभ्य दिसणारा माणूस आला. राजवाडा आज बंद आहे, माझ्या टुकटुकने (तिथली रिक्षा) दुसरं देऊळ दाखवतो, वीस बाथ. ही युक्ती तिथे जुनी आहे, शेवट रत्नांच्या दुकानात होतो. आम्ही फसलो नाही. पण त्याला टाळायच्या नादात भिंतीच्या कडेने भलतीकडे वळलो. पर्यटकांचं दार उत्तरेला, मैदानासमोरच आहे. राजवाड्याच्या चारही भिंती मिळून १९०० मीटर, पांढऱ्याशुभ्र, आणि भर दुपारी त्यांची सावली हातभरही पडत नाही. अर्धी फेरी झाल्यावर नवरा म्हणाला, "थंडी वाजतेय."

तिथेच कळायला हवं होतं. छत्तीस अंशांत अंगावर काटा येणं, चेहरा पांढराफटक, कातडी गार आणि चिकट. त्याच्या काळ्या शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. पोटरीत गोळे आले आणि तो सॅकसकट खाली बसला. मी काय केलं? आणखी पाणी पाजलं. सकाळपासून त्याने अडीच लिटर साधं पाणी प्यायलं होतं. मीठ घामावाटे गेलेलं, वरून नुसतं पाणी, त्यामुळे रक्तातलं मीठ आणखी पातळ. ते पाणी उलटून पडलं.

समोरच्या सरबताच्या गाडीवरची बाई न विचारता बर्फ घेऊन आली. तिला माझी भाषा येत नव्हती, तिची मला. तिनेच त्याला छत्रीखाली आडवं केलं, पट्टे सोडवले, जीन्सचं बटण काढलं, पाय सॅकवर ठेवले. मी ओढणी भिजवून मानेवर घातली, बर्फ टॉवेलात गुंडाळून काखेत दिला, आणि ती पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. ओल्या अंगावर वारा लागला तरच उपयोग, कोरड्या गरम वाऱ्याचा नाही. ओआरएसची पाकिटं आमच्याकडे होती. कुठे? माझ्या सॅकच्या तळाशी, चटणीच्या बरणीखाली. रस्त्यावर सगळं उपसून ती काढली. एक पाकीट एक लिटरला, पण बाटली सहाशे मिलीची. मी घाईत अख्खं पाकीट तिच्यात ओतलं. एवढं दाट द्यायचं नसतं, उलटी वाढते. ते टाकून दुसऱ्यातलं अर्ध्याहून थोडं जास्त घातलं आणि घोट घोट पाजलं. पाकीट नसतं तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा पोह्याचा नव्हे, चहाचा. पाऊण तासाने तो बोलायला लागला. पहिलं वाक्य: "भडंग सांडलं का?"

बरळायला लागला असता, अंग तापून शुद्ध हरपायला लागली असती तर तो उष्माघात. मग सरबत-बिरबत नाही, १६६९ ला फोन आणि दवाखाना. ती पायरी आली नाही, यात आमची हुशारी काही नाही. त्या बाईला पैसे द्यायला गेले तर तिने हात जोडले. मी तिच्याकडून दोन सरबतं घेतली. दुसरं काय करणार?

लोक म्हणतात, टूर कंपनीबरोबर गेला असतात तर एसी बसमधून राजवाडा दिसला असता. दिसला असता. पण धक्क्यावर ती बोट आपटते तो आवाज मला बसमधून ऐकू आला नसता, असं मी म्हणते, आणि लगेच वाटतं, आवाजासाठी नवरा रस्त्यावर आडवा पाडायचा का? याचं उत्तर माझ्याकडे रोज बदलतं. राजवाडा तिसऱ्या दिवशी, साडेआठला दार उघडताच, रिकाम्या हाताने बघितला.

पुढच्या वेळी पाठीवर सात किलो, त्यावर नाही, असं ठरलंय. विमानात हातात न्यायलाही बहुतेक तेवढंच चालतं. काल त्याने शेतावरचा ताणकाटा आणून दाराच्या कडीला लावला आणि सॅक टांगली. साडेसात भरलं. भडंग काढलं की बरोबर सात. काढायला तो तयार नाही.