हॉल मराठमोळा करायचा होता

कुरिअरवाल्या मुलाने पार्सल हातात देता देता आत डोकावून विचारलं, "मॅडम, पार्सलची ऑर्डर इथंच घेता का?"

चेष्टा नव्हती. त्याला खरोखरच आमचा हॉल म्हणजे थाळीचं हॉटेल वाटला होता. नवरा आतून हसला, मी दार लावलं आणि पहिल्यांदाच पाहुण्याच्या डोळ्यांनी खोली बघितली. मुलाचं काही चुकलं नव्हतं.

२०२१ साली आम्ही वसईतला फ्लॅट नवा करून घेतला. दीड वर्ष त्याच चार भिंतींकडे बघून जीव विटला होता, हातात थोडे पैसे होते आणि मला 'आपलं काहीतरी' हवं होतं. हे 'आपलं काहीतरी' मी डेकोरेटरला सांगितलं, ही पहिली चूक. त्याने लॅपटॉप उघडून 'मराठमोळी थीम' दाखवली. मला ती आवडली, हेही कबूल करते. सगळं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही.

तर हॉलमध्ये काय काय आलं? एमडीएफचा कोरीव खांब, जो काहीही पेलत नव्हता. फायबरची तुतारी. काचेच्या पेटीत पगडी. भिंतीवर दोन फुटांची नथ, आत दिवे असलेली. सोफ्यावर खणाच्या उशा. आणि टीव्हीच्या समोरची अख्खी भिंत वारली चित्रांच्या वॉलपेपरने मढवलेली.

सासूबाई माणदेशातल्या. गावाहून आल्या, खांबाभोवती एक फेरी मारली, बोटाने टकटक वाजवून बघितलं. म्हणाल्या, "आमच्या सोप्यात असा एक होता. त्याला म्हैस बांधायची."

मला तेव्हा राग आला होता.

उशांचं प्रकरण दोन महिन्यांत संपलं. मे महिन्यात वसईची हवा अंगाला चिकटते. दुपारी त्या उशीवर डोकं टेकलं की उठताना गालावर नक्षी उमटायची आणि उशी घामाने ओली. तो खणच नव्हता. खरा खण कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला मागावर विणतात, चोळीसाठी. त्याची बुट्टी विणीत असते, त्यामुळे कापड उलटं केलं तर मागे तिचे धागे दिसतात. माझ्या उशा उलटवल्या तर मागे पांढरं पॉलिस्टर आणि त्यावर रंगाचे फिकट डाग. हे उलटवून बघणं दुकानात सुचलं असतं तर बरं झालं असतं. आता कुठेही गेले तरी आधी उलटी बाजू बघते. नवरा म्हणतो, लग्नाला गेलं की लोकांच्या साड्यांकडे बघू नकोस.

वॉलपेपर मात्र मला मनापासून आवडायचा. विटकरी रंग, त्यावर पांढरी माणसं, मध्ये तारपा, म्हणजे दुधी भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवणारा आणि भोवती फेर. वर्षभर मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर चहा प्यायले आणि एवढ्या काळात दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नाहीत, त्या लेकीच्या आल्या. एक, तारपावाला आठ वेळा होता. तोच माणूस, तीच वाकलेली पाठ, दर दोन-अडीच फुटांवर. आणि दुसरी, स्विचबोर्डाच्या जागी कागद कापला होता तिथे एका नाचणाऱ्याचं अर्धं अंग पट्टीखाली गेलं होतं. "आई, याचा एक पाय विजेच्या आत आहे," ती म्हणाली. मग मलाही तोच दिसायला लागला. बाकी भिंत दिसेनाच.

२०२३च्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून पाणी झिरपलं. वॉलपेपरला आधी फोड आले, मग कोपरा सुटला आणि आतून काळी बुरशी निघाली. भांडणं झाली, सोसायटीच्या मीटिंगा झाल्या, त्यात शिरत नाही. कागद काढला, भिंत सुकायला ठेवली. चार महिने ती नुसती करड्या सिमेंटची भिंत होती आणि खरं सांगायचं तर हॉल तेव्हा सगळ्यात शांत वाटायचा.

खरं वारली चित्र आणायचं तर वसईहून डहाणू काही लांब नाही. विरारला गाडी बदलली की झालं. २०१३पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं गंजाड गाव त्याच तालुक्यात. वारली चित्रं पिढ्यान्‌पिढ्या बायकाच काढत आल्या, तीही मुख्यतः लग्नात. सत्तरच्या दशकात मशे रोज चित्र काढायला लागले, शेत, मासेमारी, गोष्टी असं सगळं काढायला लागले आणि कुडाच्या भिंतीवरची चित्रं कागदावर, कापडावर आली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. एवढं मी वाचून गेले होते आणि आपण तयारीने आलोय अशा थाटात त्या भागातल्या एका चित्रकाराच्या ओटीवर जाऊन बसले.

"मला पालघट देवीचा चौक पाहिजे," मी म्हणाले. "मोठा. हॉलसाठी."

तो भाताची पेज गाळत असावा तसं शांतपणे वाटीतलं पांढरं ढवळत होता. तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक. त्याने मान वर केली. "घरात लग्न हाय का कुनाचं?"

नाही म्हटलं. लेक आठवीत आहे.

"मग चौक कशाला?"

त्याने नकार दिला नाही. म्हणाला, काढतो, बरेच लोक नेतात. पण चौक लग्नाच्या घरात सवासिनी काढतात, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, देवीला बोलावतात. ती आली की लग्न लागतं. "तुमच्याकडं ती येऊन काय करंल? टीव्ही बघंल?" असं म्हणून तो स्वतःच हसला. मी पण हसले, पण कानाची पाळी गरम झाली होती.

मग त्याने विचारलं, तुम्ही राहता कुठे, येता कशा, घराच्या खिडकीतून काय दिसतं. मी सांगत गेले आणि तो ऐकत बांबूची काडी दाताने चघळून तिचं टोक मऊ करत होता. तोच त्याचा कुंचला. तीन आठवड्यांनी कापड घ्यायला गेले. दोन बाय तीन फूट, गेरूने रंगवलेलं. खाली भाताची लावणी, बायका वाकलेल्या, प्रत्येकीचं वाकणं वेगळं. मध्ये तारप्याचा फेर. आणि वरच्या बाजूला आडवी एक लोकल, तिच्या दारात लटकलेली काड्यांसारखी माणसं. एका खिडकीत एक बाई बसली आहे, मांडीवर पिशवी. "ह्या तुम्ही," तो म्हणाला.

फेराबद्दलही त्याने एक सांगितलं. तारप्यावर नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही. वादक वळला की फेर वळतो. म्हणून चित्रातला फेर सहसा पूर्ण मिटलेला नसतो, शेपटासारखं एक टोक मोकळं सुटतं आणि तो पुढे सरकतोय असं वाटतं. आमच्या वॉलपेपरवर फेर बांगडीसारखा गच्च बंद होता, आणि तारपावाला बाहेर. म्हणजे ती सगळी माणसं वर्षभर आमच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्याकडे पाठ करून नाचत होती.

घंगाळाची गोष्ट आणखी लाजिरवाणी. सासूबाईंच्या आईचं तांब्याचं घंगाळ, आंघोळीच्या पाण्याचं. मराठमोळ्या थीममध्ये ते 'शो पीस' म्हणून दारापाशी बसवलं होतं, आत सुकी फुलं. काळं पडू नये म्हणून डेकोरेटरच्या माणसाने ते घासून त्यावर लॅकर मारून आणलं. आलं तेव्हा लखलख करत होतं, पण कसं तर चॉकलेटच्या चांदीसारखं. त्यात हात घातला तर गार लागेना. पहिल्या पावसाळ्यात कुठेतरी चरा पडला, त्यातून दमट हवा लॅकरखाली शिरली आणि नकाशे उमटायला लागले. वरून घासून काही होत नाही, कारण डाग थराच्या खाली. शेवटी गॅलरीत बसून थिनरने सगळं लॅकर उतरवलं. दोन दिवस डोकं दुखत होतं.

मग सासूबाईंनी चिंच भिजत घातली. वाटीभर चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, नारळाची शेंडी. त्या पाटावर बसून घासत होत्या, मी पाणी ओतत होते. चिंचेतल्या आम्लाने तांब्यावरचं काळं विरघळतं. पण लगेच खळखळून धुवून कोरडं पुसायचं, नाहीतर तासाभरात पुन्हा डाग. हे त्यांना कोणी आम्ल वगैरे शिकवलेलं नव्हतं. "चिंच बसली की उठवायची, बसवून ठेवायची नाही," एवढंच.

काळं गेलं तसे ठोके दिसायला लागले. लॅकरखाली ते नुसते चमकत होते, आता बोटाला लागत होते. तांबट लोक याला मठारकाम म्हणतात. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत आजही तो आवाज ऐकू येतो. हे ठोके नुसते शोभेचे नसतात, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, भांडं चेपत नाही. काठाजवळ एकसारख्या रांगा आहेत, एकाखाली एक. पण बुडाकडे एका जागी वीतभर पट्ट्यात ठोके जरा मोठे आणि विस्कळीत आहेत. दुसऱ्या कुणी हातोडी घेतली असेल, किंवा त्याच माणसाला जेवायची वेळ झाली असेल. मी त्या पट्ट्यावरून अजून हात फिरवते.

आता घंगाळ बाथरूममध्ये आहे, पाणी भरलेलं. दर आठवड्याला चिंच. काळं पडतं, पडू दे.

चिंचेवरून आठवलं. सासूबाईंनी गावाहून घोंगडं आणलं होतं, काळ्या लोकरीचं, धनगराकडून घेतलेलं. मी ते मासिकात बघून सोफ्याच्या पाठीवर तिरकं टाकलं. जो बसायचा तो पाच मिनिटांत मान खाजवत उठायचा. शिवाय पावसाळ्यात त्याला एक आंबूस वास सुटायचा. कळलं की विणायच्या आधी ताण्याच्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात, त्यानेच घोंगडं इतकं ताठ असतं. समुद्राच्या हवेत खळ ओल धरते. कडक उन्हात दोन दिवस टाकलं, झटकलं, वास गेला. सोफ्यावर मात्र परत टाकलं नाही. सासूबाई ते जमिनीवर अंथरून भाजी निवडायला बसतात आणि त्यावर बसल्या की त्यांची कंबर दुखत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण वाद घालत नाही.

आणि हीच चिंचोक्याची खळ पुन्हा भेटली ती सावंतवाडीला! राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये कारागीर गंजिफा रंगवत बसलेले असतात. खेळायचे गोल पत्ते, तळहातात मावतील एवढे. जुन्या पद्धतीत कापड खळीने कडक करून त्यावर लेप देऊन, घोटून मग रंग. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण १२०. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या कासवं, परशुरामाच्या कुऱ्हाडी, जितका आकडा तितकी चित्रं. दश्शीवर दहा मासे एवढ्याशा गोलात कसे बसवलेत ते बघत मी पंधरा मिनिटं उभी होते.

लगेच डोक्यात आलं, दहा राजे एका फ्रेममध्ये. काळा माउंट, वरून छोटा दिवा. चित्र तयार! इतकं होऊनही माझी खोड गेली नव्हती.

लेक म्हणाली, "राजे भिंतीवर लावले तर उरलेल्या एकशे दहांचं काय करायचं?"

नवऱ्याने संच घेतला. किंमत सांगत नाही, त्या महिन्यात आम्ही बाहेर जेवलो नाही. खेळ तिघांचा, त्यामुळे आम्ही बरोबर पुरतो. नियम अजून अर्धेच कळलेत, ते लेकीने कुठूनतरी शोधून वहीत लिहून ठेवलेत आणि ती स्वतःच्या सोयीने बदलते असा माझा संशय आहे. लाकडी डबी टीव्हीखाली असते, झाकणावरचा रंग अंगठ्याच्या जागी जरा मंद व्हायला लागलाय.

खांब शेजारच्या सोसायटीने गणपतीत मंडपासाठी नेला, परत मागितला नाही. नथ अजून माळ्यावर आहे, तिच्यातले दिवे मात्र काढून दिवाळीत वापरले. तुतारी कुठे गेली ते नवऱ्याला विचारावं लागेल, मला तो प्रश्न विचारायचा नाही.

गेल्या महिन्यात एसीच्या लाइनसाठी इलेक्ट्रिशियन आला होता. त्याने स्विचबोर्डाची पट्टी उघडली आणि आत बघत म्हणाला, "ताई, इथं मागे कागद राहिलाय, काढू का?" मी वाकून बघितलं. भिंतीवरचा सगळा वॉलपेपर खरवडून काढला होता, पण पेटीच्या काठामागे चार बोटांचा विटकरी तुकडा तसाच होता आणि त्यावर तो अर्धा माणूस. एक पाय, एक हात, डोक्याचा पांढरा ठिपका.

"राहू दे," म्हटलं. वायरींना लागत नाही ना, तेवढं बघायला सांगितलं. त्याने पट्टी परत बसवली. समोरच्या भिंतीवर डहाणूचं कापड आहे, तारपा मध्ये. म्हणजे याचं तोंड आता बरोबर त्याच्याकडे आहे.