टस्कनीचे नऊ दिवस, आणि सात महिन्यांनी आलेला दंड

एप्रिल २०२५ मध्ये कोल्हापूरच्या घरी पोस्टमन रजिस्टर्ड पाकीट घेऊन आला. सही करून घेतलं. आत इटालियन मजकूर, खाली इंग्रजी भाषांतर, आमच्या भाड्याच्या गाडीचा नंबर, तारीख, आणि वेळ अगदी मिनिटासकट. सहल होऊन सात महिने झाले होते. सासूबाई चष्मा लावून बघत म्हणाल्या, "ती लाल अक्षरांची पाटी का गं?" तीच होती.

इटलीत गाडी भाड्याने घेऊन फिरायचं अनेकांच्या मनात असतं, आणि फिरावंच. डोंगरउतारावरचे द्राक्षमळे, सुरूच्या झाडांच्या रांगा, मनात येईल तिथे थांबायची मुभा हे टूरच्या बसमधून मिळत नाही. पण तिथे चुकलात तर शिट्टी मारून बाजूला घेणारा कुणी नसतो. चूक झाल्याचं त्या दिवशी कळतसुद्धा नाही. म्हणून आम्ही कुठे चुकलो ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. सप्टेंबर २०२४. गाडी मीच चालवणार होते, त्यामुळे लायसन्सचं कामही माझ्याकडे. आपलं लायसन्स इंग्रजीत छापलेलं असलं तरी इटलीत तेवढ्यावर चालत नाही. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत इटालियन भाषांतर लागतं. परवाना आपल्या आरटीओतच मिळतो: फॉर्म ४-अ, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. तो मूळ लायसन्सच्या जोडीनेच धरला जातो, त्यामुळे कार्ड घरी विसरू नका. काउंटरवर परवाना न मागताही गाडी मिळाल्याचं सांगणारे भेटतात. मिळतही असेल. पण रस्त्यात पोलिसांनी तपासलं किंवा अपघात होऊन विम्याचा प्रश्न आला, की काउंटरवरचा माणूस तिथे नसतो.

गाडी बोलोन्याच्या विमानतळावर घेतली. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच उजव्या बाजूने गाडी चालवायला बसू नका. आम्ही पहिली रात्र जवळच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घेतली. बोलोन्या शहराने जानेवारी २०२४ पासून बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लावली होती, म्हणून शहरात न शिरता सरळ ए-१ महामार्ग धरला. लेकीसाठी बूस्टर सीट आधीच सांगून ठेवली होती. मुलाची उंची १५० सेंटिमीटर होईपर्यंत ती सक्तीची आहे. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लागतो. आईंना, म्हणजे सासूबाईंना, पहिला तासभर तो गळ्याशी काचत होता, मग मधे रुमाल घातला आणि काम भागलं.

आंतरराज्य महामार्गासारखा जो मोठा टोलरस्ता, त्याला तिथे 'आउतोस्त्रादा' म्हणतात. मर्यादा १३०, पाऊस असेल तर ११०. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९०, गावात ५०. गावाबाहेर पडलं की भर उन्हातही दिवे लावून ठेवायचे. इथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे कॅमेरा दिसला की ब्रेक, मागे पडला की पुन्हा वेग. आउतोस्त्रादावर 'तुतोर' नावाची यंत्रणा आहे, ती दोन कमानींमधला तुमचा सरासरी वेग काढते. एका कमानीखाली हळू जाऊन काही साधत नाही. लहान रस्त्यांवर खांबावरच्या पेट्या असतात, त्या 'आउतोवेलॉक्स'. मोजलेल्या वेगातून पाच टक्के, निदान पाच किलोमीटर, सूट देतात. त्यानंतर दहापर्यंत जास्त असेल तर आमच्या वेळी ४२ युरो, दहा ते चाळीसच्या दरम्यान एकदम १७३. रात्री दहा ते सकाळी सात दंड एक तृतीयांशाने वाढतो. ४२ आणि १७३ मधलं अंतर बघा. गावाच्या वेशीवर ९० वरून ५० ला उतरायला थोडा उशीर झाला, की माणूस सहज दुसऱ्या रकान्यात जातो. गावाच्या नावाची पांढरी पाटी दिसली की ५० सुरू, मग वेगळा आकडा लिहिलेला असो वा नसो.

बोलोन्याहून फ्लॉरेन्सकडे जाताना ए-१ ला दोन फाटे फुटतात. एक २०१५ साली झालेला, बोगद्यांचा, सरळ. दुसरा जुना डोंगरातला, पाटीवर 'पानोरामिका' लिहिलेला. आम्ही जुना घेतला. वळणं भरपूर, पण ट्रक कमी आणि डोंगर बघायला मिळतात. मला पुन्हा विचारलं तर पुन्हा तोच घेईन.

टोलनाक्यावर शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या 'तेलेपास' पाटीच्या रांगेत अजिबात शिरू नका, ती फास्टॅगसारख्या यंत्रवाल्यांची. कार्डवाल्यांसाठी निळी, नाणी आणि हाताचं चित्र असलेली पांढरी रोखीची. चुकून वेगळ्या रांगेत अडकलात तर मागे घेऊ नका. नाक्यावर रिव्हर्स घेणं हा तिथे फार मोठा गुन्हा समजतात. मदतीचं बटण दाबा. पैसे घेता आले नाहीत तर यंत्र एक पावती देतं, ते पैसे पंधरा दिवसांत भरता येतात. आमचं कार्ड एकदा चाललं नाही, तेव्हा अशीच पावती मिळाली आणि रात्री हॉटेलवर बसून भरून टाकली.

आता मुख्य गोष्ट. झेड-टी-एल, म्हणजे 'झोना अ त्राफ्फिको लिमितातो', मर्यादित वाहतुकीचा भाग. इटलीतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शहराचा आणि कितीतरी लहान गावांचा मध्यभाग यात येतो. फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, लुक्का सगळीकडे. तिथले रहिवासी, परवानगी असलेली वाहनं आणि टॅक्सी एवढ्यांनाच आत प्रवेश. वेशीवर लाल कडेचं पांढरं वर्तुळ, खाली इटालियनमध्ये वेळा, आणि वर कॅमेरा. दांडी नाही, साखळी नाही, शिपाई नाही. रस्ता मोकळा असतो, समोरची स्थानिक गाडी आत जाते, तुम्हीही तिच्या मागे जाता.

पहिले चार दिवस आम्ही व्यवस्थित होतो. फ्लॉरेन्समध्ये गाडी नेलीच नाही. ए-१ वरूनच थेट आत शिरता येईल असा 'व्हिला कोस्तान्झा' नावाचा वाहनतळ आहे. तिथे गाडी ठेवायची, समोरच ट्राम क्रमांक एकचं शेवटचं स्टेशन, आणि साधारण वीस-पंचवीस मिनिटांत सान्ता मारिया नोवेल्ला या शहरातल्या मुख्य रेल्वे स्टेशनला पोचायचं. यापेक्षा सोपी सोय मी कुठल्याही मोठ्या शहरात पाहिली नाही. सिएनाला 'सान्ता कातेरिना' वाहनतळावर ठेवली. तिथून वर कॅथेड्रलच्या बाजूला सरकते जिने जातात. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना ते जिने फार आवडले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी एका लहान टेकडीवरच्या गावात मुक्काम होता. दिवेलागणीची वेळ, लेक भुकेली, मोबाइलवरचा नकाशा 'डावीकडे वळा' म्हणत होता. वळणावर एक विजेची पाटी होती, लाल अक्षरांत दोन शब्द: 'वार्को अत्तिवो'. मागून आई म्हणाल्या, "अगं, त्या पाटीवर काहीतरी लाल लाल आहे, थांब जरा." नवऱ्याने वाचून पाहिलं. "अत्तिवो म्हणजे ॲक्टिव्ह. चालू आहे, जा पुढे." मलाही ते पटलं, आणि मी गाडी आत घातली. गल्ली इतकी अरुंद की आरसे मिटून घ्यावे लागले. एकेरी वाटेने फिरून पुन्हा त्याच चौकात बाहेर आलो आणि नकाशाने पुन्हा तेच वळण दाखवलं. पुन्हा गेलो.

'वार्को' म्हणजे फाटक. फाटक 'अत्तिवो' असतं तेव्हा कॅमेरा चालू असतो, म्हणजे प्रवेश बंद. 'नॉन अत्तिवो' असेल तेव्हाच आत जायचं. आपण नेमका उलटा अर्थ काढतो. हे दोन शब्द विमानात बसण्याआधी पाठ करा, बाकीचं इटालियन मागाहून शिकलात तरी चालेल.

परत आल्यावर काही आठवड्यांनी क्रेडिट कार्डावरून गाडीच्या कंपनीने दोनदा पैसे कापले. आम्हाला वाटलं हाच दंड, विषय संपला. तसं नव्हतं. पोलिसांनी चालक कोण म्हणून विचारल्यावर आमचं नाव-पत्ता कळवण्याचा तो कंपनीचा आकार होता, दर खेपेला सुमारे पन्नास युरो. करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याचा राग आला, पण सही आमचीच होती. खरा दंड पाकिटातून आला, दोन प्रवेशांचे दोन कागद. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात, त्यामुळे सहा महिने काही आलं नाही म्हणजे सुटलो असं समजू नका.

आकडे असे. झेड-टी-एलचा दंड ८३ ते ३३२ युरो. नोटीस मिळाल्यापासून साठ दिवसांत भरला तर किमान रक्कम, म्हणजे ८३. पाच दिवसांत भरला तर त्यातही तीस टक्के सूट, ५८ युरो १० सेंट. वर टपालखर्च वेगळा. साठ दिवस उलटले की कमालच्या निम्मे, १६६. म्हणून पाकीट हातात पडलं ती तारीख लगेच त्यावर लिहून ठेवा. आम्ही तिसऱ्या दिवशी पत्रातल्या संकेतस्थळावर कार्डाने भरले. दाद मागता येते, पण प्रिफेक्टकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या सरकारी प्रतिनिधीकडे, अर्ज करून तो फेटाळला गेला तर रक्कम किमान दुप्पट होते. पाटी वाचता आली नाही हे कारण टिकणार नाही, हे आम्हालाही दिसत होतं. हॉटेलने नंबर कळवूनही दंड आला असेल तर मात्र जरूर लढा.

कारण तशी सोय असते. तुमचं हॉटेल त्या भागात असेल तर ते गाडीचा नंबर पालिकेला कळवून परवानगी मिळवून देऊ शकतं. नंबर गाडी हातात आल्यावरच कळतो, म्हणून काउंटरवरून निघण्याआधी प्लेटचा फोटो काढा आणि तिथूनच हॉटेलला पाठवा. कळवलं का, हे लेखी विचारा. त्यांचं उत्तर वर्षभर जपून ठेवा. आम्ही हॉटेलला फक्त पोचायची वेळ कळवली होती.

पार्किंगचं थोडक्यात: पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव. यंत्रात गाडीचा नंबर टाकावा लागतो. पाटीवर एकमेकांवर ठेवलेले दोन हातोडे दिसले तर तो नियम कामाच्या दिवसांचा, क्रूस असेल तर रविवार आणि सुटीचा. पांढरी रेषा असूनही 'पुलित्सिया स्त्रादे' लिहिलेली पाटी असेल तर तिच्यावरचा वार आणि वेळ बघा. रस्ता धुण्याचा तो वार असतो आणि तेव्हा उभी असलेली गाडी उचलून नेतात.

टस्कनीतल्या कियान्ती भागात वाइन चाखायला बोलावणारे मळे पावलोपावली आहेत. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम, म्हणजे आपल्या ०.३ पेक्षा सैल. पण लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. ०.५ च्या वर सापडलात तर पाचशे युरोंच्या पुढे दंड आणि लायसन्स काही महिने निलंबित, ०.८ च्या वर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. मी नऊ दिवसांत एक थेंब घेतला नाही. नवऱ्याने घेतली, तो गाडी चालवत नव्हता. चालवताना फोन हातात धरण्याचा दंड डिसेंबर २०२४ पासून किमान २५० युरो झाला आहे. नकाशा शेजारच्या माणसाला सांभाळू द्या किंवा स्टँड घरून न्या.

माझा मावसभाऊ येत्या सप्टेंबरात त्याच बाजूला चालला आहे. त्याला मी नकाशा उघडून एवढंच करायला लावलं: प्रत्येक मुक्कामाच्या गावासाठी हॉटेलचा नव्हे, तर गावाबाहेरच्या वाहनतळाचा पत्ता टाकून ठेव, 'पार्केज्जो' असं शोधलं की सापडतो. तिथून हॉटेलपर्यंत सामान ओढत न्यायला लागतं. टस्कनीतल्या दगडी फरसबंदीवर लहान चाकांच्या बॅगा टिकत नाहीत. आमच्या एका बॅगेचं चाक सिएनात निघालं, म्हणून त्याला पाठीवरच्या सॅक न्यायला सांगितलं आहे.