शेकडा किती?

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी गेली एकोणीस वर्षे हिशेब लिहितो. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी काढणे, हमाली-तोलाई वजा करणे, खरेदीदाराची बाकी मुदतीपेक्षा किती दिवस जास्त थकली ते पाहून तिच्यावर व्याज आकारणे, हे माझे रोजचे काम आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच, की दुसऱ्याच्या बाकीवरचे व्याज बोटांवर मोजणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात गेल्या वर्षी दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ४६ हजार रुपये थकले होते, आणि त्यांवर शेकडा किती व्याज चालू आहे हे त्याला विचारल्याबरोबर सांगता आले नाही.

विचारले ते आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते तासगाव तालुक्यात राहतात. दीड एकर द्राक्षबाग आणि विकास सोसायटीचे पीककर्ज यांच्या मेळात त्यांचे आयुष्य गेले. चार दिवस आमच्याकडे राहायला आले असताना एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर आठ महिन्यांची स्टेटमेंट पसरून बसलेला त्यांना दिसलो. थोडा वेळ ते नुसते पाहत राहिले आणि मग म्हणाले, "शेकडा किती?" मला शेवटचे पान उलटून बारीक अक्षरांत ते शोधावे लागले. "साडेतीन," मी म्हणालो. "वर्साला साडेतीन? मग चांगलंच हाय की." 'महिन्याला' हा शब्द तोंडातून बाहेर काढायला मला जरा वेळ लागला. त्यावर आबा रागावले नाहीत, हसलेही नाहीत, त्यांनी फक्त एवढेच विचारले, "सावकार कोन हाय?"

हे कर्ज कशामुळे झाले, याचे एकच एक उत्तर माझ्याजवळ नाही, आणि हीच या कर्जाची खोड आहे. आमच्यावर कोणतेही संकट कोसळले नव्हते. २०१९ च्या महापुरात आम्ही गावभागात भाड्याने राहत होतो. घरात पाणी शिरून फ्रीजपासून गाद्यांपर्यंत सगळे गेले, तरी त्या वर्षी कार्डावर आम्ही एक रुपयाही थकवला नाही, कारण तेव्हा प्रत्येक रुपया मोजून खर्च होत होता. थकबाकी सुरू झाली ती सगळे सुरळीत झाल्यावर, विश्रामबागेत स्वतःचा फ्लॅट झाल्यावर आणि मुलगा डिप्लोमाला गेल्यावर. धुलाई यंत्र 'नो कॉस्ट ईएमआय'वर घेतले, त्याचा हप्ता संपायच्या आत मुलाचा फोन घेतला, दिवाळीचे कपडे झाले, गणपतीपुळ्याची सहल झाली. यांतील कोणतीही गोष्ट उधळपट्टी म्हणण्यासारखी नव्हती, असे मला आजही वाटते.

'नो कॉस्ट' या शब्दांविषयी मात्र हिशेबनीस म्हणून मला थोडे बोलायचे आहे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, व्याजाचा भाग प्रक्रिया शुल्काच्या आड लपवला जातो, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आता व्याज उघड दाखवतात आणि तेवढीच सूट किमतीत देतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्यालाच भरावे लागते, आणि रोखीत जी सवलत मागता आली असती ती मागण्याचे आपल्याला सुचत नाही. धुलाई यंत्राच्या व्यवहारात ही रक्कम हजाराच्या आतच होती. तिने माझे घर बुडवले नाही, पण हप्त्याच्या भाषेत विचार करण्याची सवय लावली.

खरी रक्कम कुठे मुरली होती ते पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचताना कळले. सप्टेंबर २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागले, आणि पुढे कधीतरी मीही ते जोडले. त्यापूर्वी कार्ड काढायचे म्हणजे पाकीट उघडणे, यंत्रात घालणे, आकडे दाबणे, एवढे तरी सोपस्कार होते. आता भडंगाच्या दुकानातला कोड आणि पेट्रोल पंपावरचा कोड सारख्याच सहजतेने स्कॅन होतो आणि पैसे खात्यातून गेले की कार्डावर चढले, हे लक्षातही राहत नाही. ऑक्टोबरच्या स्टेटमेंटमध्ये ८३ नोंदी होत्या आणि त्यांतल्या ६१ नोंदी ३०० रुपयांच्या आतल्या होत्या. साठ रुपयांचे भडंग, चाळीस रुपयांचा चहा, एकशे वीस रुपयांची कोथिंबीर-मिरची-लिंबे. दुकानात रोजकीर्द लिहिताना मी पाच रुपयांचा टपाल खर्चही सोडत नाही, आणि या ६१ नोंदींपैकी निम्म्या तरी मला आठवत नव्हत्या.

तरीही यांतले काहीच बिघडले नसते, जर मी दर महिन्याला पूर्ण बिल भरले असते. पूर्ण भरणाऱ्याला हे कार्ड महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरू देते आणि ती सोय खरोखर चांगली आहे. घोळ झाला तो स्टेटमेंटवर ठळक अक्षरांत छापलेल्या 'मिनिमम अमाउंट ड्यू' या रकमेने. किमान देय म्हटले की भरायचे ते भरून झाले, असा अर्थ माझ्या मनाने लावला. तसे भरल्याने विलंब शुल्क लागत नाही हे खरे. पण मागील बाकी राहिली, की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते आणि आज सकाळी घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर आजपासूनच व्याज धावू लागते.

त्या रविवारी मी तो हिशेब अखेर दुकानातल्यासारखा मांडला. बाकी १,४६,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ५,११०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ९२० रुपये, एकूण ६,०३०. किमान देय पाच टक्के धरले तर ७,३०० रुपये. म्हणजे मी ७,३०० भरले तर मुद्दल फक्त १,२७० रुपयांनी उतरणार होते. बाकी उतरेल तशी किमान रक्कमही उतरत जाते, त्यामुळे कार्डावर एकही नवी खरेदी केली नाही असे गृहीत धरले, तरी मुद्दल निम्मे व्हायलाच साडेसहा वर्षे लागतात. मी दोनदा तपासले. वर्षाचा सरळ दर, कर धरून, साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या पुढे जात होता.

आबांचा सावकाराविषयीचा प्रश्न मला म्हणूनच झोंबला. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे, आणि त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. बँकांना हा कायदा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला, कारण व्याजदराचे नियमन हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण महिना शेकडा दीडने उधार देणाऱ्या परवानाधारकाला आपण 'सावकार' म्हणून नाक मुरडतो आणि शेकडा साडेतीनवाल्याचा फोन आला की मर्यादा वाढवून घेतो, हे मला त्या दिवसापर्यंत विचित्र वाटले नव्हते. मर्यादा माझ्या संमतीनेच वाढली होती, कारण नियमच तसा आहे; मिरजेहून येताना बसमध्ये उभ्या उभ्या मी संदेशातले 'होय' दाबले आणि ७५ हजारांचे दोन लाख झाले. त्या संध्याकाळी आपली ऐपत वाढल्यासारखे वाटले होते, हे कबूल करतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कार्डांवरील येणे रकमेचा जोखीम-भार १२५ ऐवजी १५० टक्के धरायला सांगितला, म्हणजे अशा कर्जापोटी बँकांना अधिक भांडवल राखून ठेवणे भाग पडले. त्यानंतर काही महिन्यांतच देशातील कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. या बातम्या मी दुकानात चहा पिताना वाचल्या होत्या आणि त्या पुण्या-मुंबईच्या लोकांविषयी आहेत असे समजून पान उलटले होते.

वाण्याच्या उधारीच्या वहीचे गोडवे मी गाणार नाही. लहानपणी आईने मला ती वही घेऊन दुकानात पाठवले, की दुकानदार चार गिऱ्हाइकांसमोर मागची बाकी मोठ्याने वाचायचा, आणि ते ऐकताना कान तापायचे. कार्डाने ती लाज संपवली याचा मला आनंदच आहे. मात्र त्या मोठ्याने वाचण्यामुळे घरातल्या सर्वांना बाकी ठाऊक असायची. माझी थकबाकी आठ महिने माझ्या फोनमध्ये होती आणि ती पत्नीला ठाऊक नव्हती. तिला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अहो, मग ती सहल तरी रद्द केली असती की." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढचे फार लांबवत नाही. पत्नी ज्या पगारदार नोकरांच्या पतसंस्थेची सभासद आहे, तिथून घटत्या बाकीवर वर्षाला १२ टक्क्यांनी, दोन वर्षांच्या मुदतीने कर्ज घेऊन आम्ही दोन्ही कार्डांची बाकी एकदम भरली. हप्ता येतो सुमारे ६,८७० रुपये. कार्डाच्या किमान देय रकमेपेक्षाही तो कमी आहे, आणि चोविसाव्या महिन्यात सगळे संपते. जामीन म्हणून तिच्या दोन सहकारी महिलांनी सह्या केल्या. त्यांच्यासमोर कर्जाचे कारण सांगताना माझे कान पुन्हा एकदा तापले. एक कार्ड बंद करायला अर्ज दिला, तो नियमाप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत निकाली निघाला. तरी ते कार्ड ठेवण्यासाठी तीन फोन आले आणि तिसऱ्या फोनवरच्या मुलीने वार्षिक शुल्क माफ करण्याची तयारीही दाखवली.

दुसरे कार्ड ठेवले आहे. कपाटाच्या तिजोरीत ठेवीच्या पावत्यांबरोबर ते पडून असते आणि किल्ली पत्नीकडे असते. यूपीआयच्या अॅपमधून मात्र ते मी अजून काढलेले नाही, आणि पैसे देताना सर्वांत वर तेच दिसते. मागच्या मंगळवारी पेट्रोल भरताना सवयीने त्यावरच बोट पडले. घरी आल्यावर वहीत तारीख घालून नावे बाजूला ५०० रुपये लिहिले, आणि पत्नीने ते वाचून शेजारी पेन्सिलने एक गोल काढला.