कोर्स एक, नंबर दोन

"मॅडम, कोर्स तं मी एकदाच केला न जी, मग सर्टिफिकेटचे नंबर दोन कसे?"

बुटीबोरीहून सुट्टी टाकून आलेला वेल्डिंगचा जुना विद्यार्थी. नावातली वेलांटी दुरुस्त करून त्याला प्रमाणपत्र पुन्हा काढून दिलं होतं. सॉफ्टवेअरने परस्पर नवा नंबर ठोकला आणि जुना बाद केला. कंपनीच्या फाइलमधल्या झेरॉक्सवर जुनाच नंबर. एचआरने क्यूआर कोड स्कॅन केला, तर लाल अक्षरांत ‘रद्द’. पोरगा बोगस ठरायच्या बेतात!

दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. जुन्या नंबरात २०२२, नव्यात २०२५. म्हणजे वर्ष कोर्सचं नाही, छपाईचं!

पॅन कार्डावरचं नाव दुरुस्त केलं तरी नंबर बदलत नाही. इथेही मूळ नंबर तसाच ठेवून खाली ‘दुय्यम प्रत’ आणि तारीख छापली असती तर भागलं असतं. छापलेल्या कागदांचा हिशेब हवा असेल तर त्या कागदाला वेगळा क्रमांक द्या ना, कोण नाही म्हणतं?

त्याला शिक्क्यानिशी पत्र दिलं. सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर, "सिस्टमच तशी आहे."

तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये कसं करता?